घरातील नाट्यगृहाचा सूत्रधार

'नाट्यगृह' हा शब्द कानी पडताच मोपा गावातील मुलाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो देवळासमोरचा मांडव. जत्रेची रात्र, पायपेटी आणि मृदंग यांचा मेळ, दिव्यांभोवती घिरट्या घालणारे पतंग आणि पहाटेपर्यंत रंगणारा दशावतारी खेळ! नाट्यगृह घरात येऊन बसेल ही कल्पना आपल्या वाडवडिलांना थट्टेची वाटली असती. आज मात्र पेडणे तालुक्यातील काही घरांत, विशेषतः ज्यांची मुले आखाती देशांत वा बोटींवर नोकरीस आहेत अशा घरांत, ते येऊन बसले आहे. 'होम थिएटर' या इंग्रजी नावानेच सर्वजण त्याला ओळखतात.

या नाट्यगृहात असते काय? भिंतीवर दूरचित्रवाणीचा मोठा संच, त्याखाली आवाज वाढविणारा अ‍ॅम्प्लिफायर, खोलीत ठिकठिकाणी मांडलेले पाच ध्वनिक्षेपक, खर्जाच्या स्वरांसाठी सहावा, आणि चित्र व ध्वनी पुरविणारा सेट-टॉप बॉक्स. प्रत्येक यंत्राचा रिमोट निराळा. कोणता रिमोट कोणाचा हे ओळखण्यातच घरातील वडीलधाऱ्या माणसांची संध्याकाळ जाते. म्हणून अलीकडे या यंत्रांवर एक छोटासा संगणक नेमण्याची पद्धत निघाली आहे. हाच संगणक घरातील दिवे, पंखे, विहिरीवरील पंप यांवरही हुकमत चालवू शकतो. या योजनेस 'होम ऑटोमेशन' असे म्हणतात. कोणी केव्हा यावे आणि कोणी केव्हा जावे हे ठरविणाऱ्या या संगणकास आम्ही प्रस्तुत लेखात सूत्रधार असे म्हणणार आहोत.

गेल्या आषाढात घडलेला एक प्रसंग या लेखास निमित्त झाला. आमच्या परिचयाच्या एका घरातील आजींना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात निकामी झाला, बोलणे मात्र शाबूत राहिले. जत्रेस जाणे कायमचे थांबले, म्हणून आखातात नोकरीस असलेल्या मुलाने घरी नाट्यगृह बसवून दिले आणि दशावतारी नाटकांची चित्रीकरणे पाहण्याची सोय केली. खाटेच्या कडेला, डाव्या हाताच्या तळव्याने दाबता येईल असे एकच मोठे बटण. ते दाबले की सूत्रधार तिन्ही यंत्रे सुरू करी. पुन्हा दाबले की बंद करी. सहा महिने सर्व सुरळीत चालले.

एके दिवशी दुपारी आजोबा पेडण्यास बाजाराला गेले होते. पाऊस कोसळत होता. वीज गेली आणि दोन मिनिटांनी परत आली. मृदंगाचा आवाज पुन्हा सुरू झाला, पण पडदा काळाच राहिला. आजींनी बटण दाबले. पडदा उजळला, त्यावर 'सिग्नल नाही' अशी अक्षरे आली, आणि आवाज बंद पडला. पुन्हा दाबले, तो आवाज आला आणि पडदा गेला. दहा-बारा वेळा हाच प्रकार झाला. आजोबा घरी परतले तेव्हा आजी काळ्या पडद्यापुढे स्वस्थ बसून होत्या. आपल्या मेंदूला दुसरा झटका आला असून आता साधे बटणही आपल्याला कळेनासे झाले, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. पुढे आठ दिवस त्यांनी त्या बटणाला हात लावला नाही.

त्यांचे काहीही चुकले नव्हते. चूक कोठे होती हे समजण्यासाठी रिमोट यंत्राशी कसा बोलतो ते प्रथम पाहिले पाहिजे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. विजेच्या बाबतीत आमची मजल फ्यूज बदलण्यापलीकडे गेलेली नव्हती. शाळेतील विज्ञानशिक्षक सहकाऱ्यांनी व दहावीच्या चार विद्यार्थ्यांनी साहाय्य केले म्हणूनच पुढील मजकूर आम्ही लिहू शकत आहोत.

दुरून आज्ञा देण्याची हौस जुनी आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात विद्युत्-चुंबकीय तरंगांच्या बळावर दूर ठेवलेली घंटा वाजवून व बंदुकीची दारू पेटवून दाखविली. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्क येथे पाण्यातील लहानशी नौका तारेवाचून चालविली. दूरचित्रवाणी संचासाठी तारेवाचून चालणारा रिमोट अमेरिकेत १९५५ साली निघाला. यूजीन पॉली यांचा तो रिमोट म्हणजे एक प्रकारची विजेरीच होती. संचाच्या चार कोपऱ्यांवर तिचा झोत टाकावयाचा. पण खिडकीतून ऊन आले की संच आपोआप कार्यक्रम बदलू लागे! पुढच्याच वर्षी रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्यांवर हातोडी पडून मनुष्यास ऐकू न येणारा ध्वनी निघेल असा रिमोट तयार केला. त्याला विजेचा सेलही लागत नसे. आपल्या देशात दूरचित्रवाणी दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली व मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी आली. पुढे जगभर स्थिरावला तो अवरक्त किरणांचा रिमोट.

अवरक्त म्हणजे तांबड्याच्या अलीकडचे, डोळ्यास न दिसणारे किरण. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगपटात तांबड्या रंगाबाहेर तापमापक ठेवला, आणि जेथे डोळ्यास काहीच दिसत नव्हते तेथेच पारा अधिक चढला; या किरणांचा शोध लागला तो असा. रिमोटच्या टोकाला जो लहानसा दिवा असतो त्याच्या किरणांची तरंगलांबी बहुधा ९४० नॅनोमीटरच्या आसपास असते. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे रिमोट धरून बटण दाबल्यास तो दिवा जांभळट लुकलुकताना दिसतो. काही मोबाइलांच्या मागील कॅमेऱ्यास हे किरण अडविणारी काच असते, तेव्हा पुढील कॅमेरा वापरून पाहावे. आमच्या वर्गात हा प्रयोग झाला त्या दिवशी व्याकरणाचा तास बुडाला, हे कबूल केले पाहिजे.

सूर्य आणि जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा हेही अवरक्त किरण फेकतात. मग त्या गर्दीत रिमोटचा आवाज यंत्राला ओळखू यावा कसा? युक्ती अशी की रिमोटचा दिवा सेकंदास सुमारे ३८,००० वेळा उघडझाप करतो, आणि यंत्रातील ग्राहक तेवढीच उघडझाप तेवढी ऐकतो. बाकीच्या प्रकाशाकडे तो दुर्लक्ष करतो. जत्रेच्या गलबल्यातही आईची हाक मुलाला नेमकी ऐकू येते, तसाच हा प्रकार.

आज्ञेची भाषा शून्य व एक या दोनच अक्षरांची असते. तिच्या अनेक बोली आहेत. पुष्कळ यंत्रांत चालणारी एक येथे सांगतो. आरंभी ९ सहस्रांश सेकंद प्रकाश, मग ४.५ सहस्रांश सेकंद शांतता. ही झाली हाक. त्यानंतर ३२ अक्षरे येतात. पहिली ८ कोणत्या यंत्रासाठी आज्ञा आहे ते सांगतात. पुढील ८ तीच, पण उलटी करून, म्हणजे शून्याच्या जागी एक व एकाच्या जागी शून्य अशी. मग ८ अक्षरांत आज्ञा आणि ८ अक्षरांत तीच आज्ञा उलटी. मूळ व उलट यांचा मेळ बसला नाही तर यंत्र ती आज्ञा सोडून देते. शून्याला १.१२५ व एकाला २.२५ सहस्रांश सेकंद लागतात. प्रत्येक आज्ञेत शून्ये १६ व एकही १६ असणार, हे उलट लिहिण्याच्या नियमावरून उघडच आहे. तेव्हा १६ गुणिले १.१२५ म्हणजे १८, १६ गुणिले २.२५ म्हणजे ३६, आणि आरंभीचे १३.५ मिळून ६७.५. अखेरच्या लहानशा ठिपक्यासह कोणत्याही आज्ञेला सुमारे ६८ सहस्रांश सेकंद लागतात. बटण कोणतेही दाबा, वेळ तेवढाच!

इतकी काटेकोर भाषा. पण तिच्यात एक उणीव आहे. रिमोट बोलतो आणि यंत्र ऐकते. यंत्र बोलत नाही आणि रिमोट ऐकत नाही. आज्ञा पोहोचली की वाटेत कोणी आडवे आले, हे रिमोटला कधीच कळत नाही. हाती रिमोट धरणाऱ्या माणसास याची खंत वाटत नाही, कारण त्याला डोळे असतात. पडदा उजळला नाही तर तो पुन्हा दाबतो. पण माणसाच्या जागी सूत्रधार नेमला म्हणजे काय होते? सूत्रधारही भिंतीवर बसविलेल्या एका लहानशा डबीतून तीच अवरक्त आज्ञा फेकतो. फरक एवढाच की त्याला डोळे नाहीत.

आपल्या सीमेपलीकडे कुडाळ तालुक्यात पिंगुळी हे गाव आहे. तेथील ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची व चित्रकथीची कला पिढ्यानुपिढ्या सांभाळली; श्री. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. बाहुलीचा हात कोठे अडकला तर दोरा बोटाला ओढ देतो. सूत्र ज्याच्या हाती तो सूत्रधार, असे आपण म्हणतो. आणि सूत्रातून आज्ञा खाली जाते तशी बातमीही वर येते. अवरक्त किरण हे असे सूत्र आहे की ज्याला ओढ नाही.

आता त्या दुपारी काय घडले ते पाहू. बहुतेक रिमोटवर चालू आणि बंद यांसाठी एकच बटण असते. 'चालू हो' किंवा 'बंद हो' असे ते सांगत नाही. 'आहेस त्याच्या उलट हो' एवढेच सांगते. त्यामुळे सूत्रधाराला कोण चालू आहे नि कोण बंद याची नोंद आपल्या वहीत ठेवावी लागते. त्या घरी सूत्रधार इन्व्हर्टरवर होता. वीज गेल्याचे त्याला कळलेच नाही, आणि त्याच्या वहीत 'तिन्ही चालू' ही नोंद तशीच राहिली. काल सर्व मुले आली होती म्हणून आज नावे न पुकारताच हजेरी मांडणाऱ्या शिक्षकासारखी ही गत! वीज परत आल्यावर कोणत्या स्थितीत जागे व्हावे याविषयी यंत्रागणिक रीत वेगळी. दूरचित्रवाणी संच बंद अवस्थेत राहिला. अ‍ॅम्प्लिफायर व बॉक्स मात्र आपोआप सुरू झाले.

आजींनी बटण दाबले. सूत्रधाराने वही पाहिली आणि 'बंद करावयाचे' असे ठरवून तिघांनाही 'उलट व्हा' अशी आज्ञा दिली. बंद होता तो संच चालू झाला आणि चालू होती ती दोन यंत्रे बंद झाली. पुन्हा दाबल्यावर पुन्हा तिघेही उलट. विद्यार्थ्यांनी येथे थोडा विचार करावा. तिघेही प्रत्येक वेळी एकदमच उलटत असतील तर ज्या दोघांचे एकमत आहे त्यांचे एकमत टिकते, आणि ज्यांचे वाकडे आहे त्यांचे वाकडेच राहते. बटण दोनदा दाबा, बारा वेळा दाबा, की शंभर वेळा. तिन्ही यंत्रे एकत्र चालू होण्याची वेळ कधीच येणार नाही. आजी सकाळपर्यंत बटण दाबीत बसल्या असत्या तरी त्यांना यश येणे गणितानेच अशक्य होते. हे आम्ही त्यांना समजावून सांगितले. गणित त्यांना कितपत कळले ठाऊक नाही, पण 'म्हणजे माझे डोके ठीक आहे ना?' असे त्यांनी दोनदा विचारले, आणि दोन्ही वेळा होकार मिळाल्यावर चहा ठेवण्यास सांगितले.

खरे निदान मात्र आजोबांचे. त्यांचे उभे आयुष्य बोटीच्या इंजिनखात्यात गेले. आमचे व विद्यार्थ्यांचे तारा तपासणे चालू असता ते बाजूला बसून पाहत होते, आणि मध्येच म्हणाले, "मास्तर, हांगा सकयल्यान जाप येना!" म्हणजे येथे खालून उत्तर येत नाही. मग त्यांनी जुन्या बोटीवरील रीत सांगितली. वर सुकाणूपाशी कप्तान एका गोल तबकडीवरील दांडा 'हळू पुढे' अशा खुणेवर नेतो. खाली इंजिनघरात घंटा वाजते आणि तेथील तबकडीचा काटा त्याच खुणेवर येतो. पण एवढ्याने काम संपत नाही. खालचा माणूस आपला दांडा त्याच खुणेवर नेतो, तेव्हा वर घंटा वाजते आणि कप्तानाच्या तबकडीवरील दुसरा काटा हलतो. दोन्ही काटे एका रेषेत आले म्हणजे आज्ञा पोहोचली. घंटा परत वाजली नाही तर कप्तान आज्ञा दिली असे मानीतच नाही.

हाच नियम आज आपल्या डोक्यावरून रोज पाळला जातो. मोपाच्या सड्यावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले व ५ जानेवारी २०२३ पासून तेथे विमानांची नियमित ये-जा सुरू झाली. विमान उतरविण्याची परवानगी मनोऱ्यातून मिळाली की वैमानिकाने ती धावपट्टीच्या क्रमांकासह जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी लागते, आणि मनोऱ्यातील अधिकारी ती लक्ष देऊन ऐकतो. चुकीची म्हटली तर तेथल्या तेथे दुरुस्ती होते. हा नियम जगभर आहे.

घरातील यंत्रांना जाप देण्यास शिकविता येते काय? येते. दूरचित्रवाणी संचास इतर यंत्रे जोडणारी जी एचडीएमआय नावाची जाड तार असते तिच्यात १९ टोके असतात. त्यांपैकी तेराव्या टोकावरून यंत्रे एकमेकांशी बोलू शकतात. तेथे दूरचित्रवाणीचा क्रमांक ० व ध्वनियंत्रणेचा ५ ठरलेला आहे. आठ-आठ अक्षरांचा एकेक घास ऐकणारा यंत्रगडी प्रत्येक घासानंतर 'पोहोचला' अशी खूण करतो, आणि 'तू चालू आहेस की बंद?' असा प्रश्नही तेथे विचारता येतो. वेग अगदी बेताचा, सेकंदास सुमारे ४०० अक्षरे. पण दोन शब्दांच्या संभाषणाला तो पुरेसा आहे. काही नवी यंत्रे घरातील इंटरनेटच्या जाळ्यावरूनही अशी उत्तरे देतात. जी यंत्रे देत नाहीत त्यांच्याविषयी निदान प्रामाणिक राहता येते. २०१३ साली सुरू झालेल्या 'होम असिस्टंट' या मुक्त प्रणालीत अशा यंत्राची नोंद 'गृहीत अवस्था' म्हणून ठेवण्याची सोय आहे, आणि पडद्यावर त्याच्यासाठी चालू व बंद अशी दोन स्वतंत्र बटणे दिसतात. आपल्याला ठाऊक नाही हे यंत्राने कबूल करणे आम्हांस फार आवडले.

त्या घरातील अ‍ॅम्प्लिफायर जुना. तेराव्या टोकाची भाषा त्याला येत नव्हती. तेव्हा विद्यार्थ्यांनी निराळा मार्ग काढला. यंत्र बोलत नसले तरी विजेचा वापर लपत नाही. वीज मोजणारे व मापन सूत्रधारास कळविणारे प्लग बाजारात मिळतात. त्यांपैकी दोन आणविले. संच चालू असता सुमारे ८० वॅट घेतो, आणि बंद अवस्थेत एक वॅटही नाही. अ‍ॅम्प्लिफायरचे आकडे सुमारे ३५ आणि एकाहून कमी. २० वॅट ही सीमा धरली. आता सूत्रधार आज्ञा देण्यापूर्वी प्लगला विचारतो, आणि ज्याची अवस्था हवी तशी नसेल त्यालाच 'उलट हो' म्हणतो. मग पंधरा सेकंद थांबून पुन्हा विचारतो. काम झाले नसेल तर आणखी एकदा आज्ञा देतो. त्यानंतरही झाले नाही तर हट्ट न धरता खाटेजवळचा तांबडा दिवा लावतो. सर्व जमले तर हिरवा दिवा लागतो. एका बटणाची दोन बटणे केली, पांढरे चालूसाठी आणि काळे बंदसाठी, म्हणजे आजींना काय हवे याविषयी सूत्रधाराने तर्क लढविण्याचे कारणच उरले नाही. हिरव्या दिव्याची सूचना आजींची स्वतःची. त्यांचे म्हणणे असे की यंत्राने सूत्रधाराला जाप दिली, पण मला कोण देणार?

तांबडा दिवा आजवर एकदाच लागला, तो चवथीच्या दिवशी. माटोळीला बांधलेला केळ्यांचा घड नेमका त्या डबीपुढे आला होता. आजींनी हाक मारली, नातवाने घड वीतभर सरकविला, आणि आरतीनंतर सर्वांनी मिळून नाटक पाहिले.

राहिला सेट-टॉप बॉक्स. याने मात्र आम्हांस हरविले. चालू असो की झोपलेला, तो जवळजवळ सारखीच वीज ओढतो, सुमारे १० वॅट. त्यामुळे प्लगच्या आकड्यावरून त्याचे काहीच ओळखता येत नाही. अखेर तो कधी बंदच करू नये असे ठरविले. वीज गेली तर परत येताच तो आपोआप चालू होतो, म्हणून नाटक अडत नाही. पण दहा वॅट, दिवसाचे २४ तास, महिन्याचे ३० दिवस, म्हणजे ७.२ युनिटे होतात. इंजिनखात्यात तेलाचा थेंबन् थेंब मोजलेले आजोबा प्रत्येक बिलाच्या वेळी तो हिशेब आम्हांपुढे मांडतात, आणि त्यावरचा उपाय आम्हांस अद्याप सापडलेला नाही.